दोन थाउ

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

इंजिन निघालं एकदाचं. सकाळी आठला हात घातला, दुपारी साडेतीनला ते साखळीला लटकत होतं. मधल्या वेळात हिनं तीनदा येऊन विचारलं, पत्र्याचं शेड खाली येणार नाही ना. शेडच्या आढ्याला मी हातसुद्धा लावलेला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं चेन-ब्लॉक आणि तीन पाइपांची घोडी भाड्यानं आणलीय. तरी तिचा विश्वास नाही. माझाही पूर्ण नव्हता.

गाडी १९८७ ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला पद्मिनी म्हटलेलं मला आठवत नाही. फियाटच. ऑगस्ट २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूनं पाणी आत येताना दिसलं तसं आम्ही तांदूळ, गॅसची टाकी, टीव्ही आणि माझ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वरच्या मजल्यावर नेले. गाडी खालीच राहिली. बॉनेट बुडालं. पाणी उतरल्यावर चिखल धुतला, बॅटरी काढली आणि 'बघू नंतर' म्हणून वर ताडपत्री टाकली. तेव्हाच चार प्लग काढून आतलं पाणी उपसलं असतं आणि थोडं थोडं तेल सोडलं असतं, तर आजचा दिवस उगवला नसता. 'बघू नंतर'ची साडेपाच वर्षं झाली.

शेजारचा पोरगा मदतीला होता. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हुशार आहे, पण डेल्को, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, त्यानं आज पहिल्यांदा बघितला. "काका, ह्यात सेन्सर कुठं असतो?" म्हणाला. पॉइंट उघडून दाखवला. बराच वेळ बघत बसला.

सायलेन्सरकडचा एक स्टड तुटला. एकच. शिव्या मात्र चौघांच्या दिल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

हेड उघडलं. ॲल्युमिनियमचं हेड लोखंडी स्टडवर इतकी वर्षं बसलं की दोघांचं एक होतं. लाकडी ठोकळा लावून हळूहळू चारी बाजूंनी ठोकत गेलो. पेचकस घालून उचकटायचा मोह फार होतो. तो टाळला, हे आजचं माझं एकमेव शहाणपण.

आत बघितलं आणि गप्प झालो. आमच्या हॉलच्या भिंतीवर पुराची रेघ आहे, दोनदा रंग देऊनही पावसाळ्यात ती दिसतेच. तशीच रेघ सिलिंडरात. पिस्टन जिथं थांबला होता तिथं त्याच्या डोक्यावर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गोल, तपकिरी कडं, आणि त्यात नखाला लागतील असे खड्डे. पण चारीत नाही. दोन आणि चार नंबर खराब, एक आणि तीनमध्ये नुसता डाग.

असं का, ते पोरानं शोधलं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. गाडी उभी राहिली तेव्हा एक नंबर पॉवर स्ट्रोकवर असेल, तर तीन कॉम्प्रेशनवर, म्हणजे दोघांचेही वॉल्व बंद. चार नंबर त्या वेळी हवा ओढत होता आणि दोन धूर टाकत होता, म्हणजे त्या दोघांचं दार उघडं. पाणी तिथनंच शिरलं. मी ताळेबंद शिकवणारा माणूस. कुठली तरी गोष्ट अशी बरोबर जुळली की मला भूक लागते. दोघांनी कांदाभजी खाल्ली.

२ मार्च, रविवार

दोन आठवडे डिझेल सोडून ठेवलंय. एक आणि तीन नंबरचे पिस्टन लाकडाच्या दांड्यानं ठोकल्यावर निघाले. दोन नंबर तासाभरानं. चार नंबर हलत नाही.

९ मार्च, रविवार

चार नंबर निघाला. रिंगा खाचेतच मोडलेल्या. पोरगा पिस्टन घरी घेऊन गेला, त्याच्या टेबलावर ठेवणार म्हणे.

१९ मार्च

कॉलेज सुटल्यावर ब्लॉक आणि क्रँक टेम्पोत टाकून उद्यमनगरात गेलो. माझी समजूत अशी होती, की मी 'घरी इंजिन करतोय'. कॉलेजात, पुण्याच्या पोराला, दूध कट्ट्यावर, सगळीकडं हेच सांगत सुटलोय. आज ती समजूत ब्लॉकबरोबर टेम्पोत होती.

बोअरिंगचं दुकान म्हणजे दहा बाय वीसची खोली. एक बोअरिंग मशीन, एक क्रँक ग्राइंडर, कोपऱ्यात शेतातल्या पंपाच्या ऑइल इंजिनांचे ब्लॉक एकावर एक. उसाला पाणी पाजायच्या इंजिनांनी हे शहर पोसलंय, आणि त्या इंजिनांनीच हे बोअरवाले तयार केलेत. दुकानाच्या मामांचं वय सत्तरीच्या पुढं. चष्मा नाही. बोअर गेज घातलं, वर-खाली केलं, आडवं धरून पुन्हा बघितलं.

"सर, ह्येला आधी एकदा बोअर झालंय. वीस थाउ."

मला माहीतच नव्हतं. म्हणजे माझ्या आधीच्या मालकानं गाडी विकताना 'इंजिनला हात लागलेला नाही' म्हणून सांगितलं होतं, ते खोटं. अठ्ठावीस वर्षांनी कळलं. कंपनीचा बोअर ६८ मिलिमीटर, हा अर्धा मिलिमीटर मोठा. त्यावर आता पुराचे खड्डे.

"आता आनि मोठा करून उपेग न्हाई. लायनर घालू, परत ६८ ला आनू. क्रँक दहा थाउ घासू. पिस्टन घिऊन या."

मी म्हटलं, पिस्टन मुंबईहून यायचेत, वेळ लागेल, तोवर बोअर करून ठेवा की. ६८ म्हणजे ६८.

मामांनी मशीनवरनं मान वर केली. "पिस्टन हातात आल्याबिगर मी बोअर करत न्हाई. डब्यावर ६८ लिवल्यालं असतंय. पिस्टन किती हाय ते मायक्रोमीटर सांगतंय. पिस्टन मोजायचा, त्येच्यावर दोन थाउ सोडायचं, मग बोअर. आधी लुगडं, मग चोळी."

दोन थाउ म्हणजे इंचाचे दोन हजारांश, मिलिमीटरचा विसावा भाग. माणसाचा केस साधारण ह्याहून जाड असतो. कमी सोडलं तर तापल्यावर पिस्टन फुगून धरणार, जास्त सोडलं तर खडखडणार आणि तेल पिणार. ही जागा मला घरी करता येणार नाही. घरात काय, कॉलेजच्या अख्ख्या इमारतीत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

पिस्टन नाहीत. मुंबईची फियाट टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरनं गेली. ती होती तोवर ह्या गाडीच्या सामानाला गिऱ्हाईक होतं. आता दुकानदार फोनवर 'जुना स्टॉक बघतो' म्हणतात आणि बघत नाहीत. एकानं दुसऱ्याच गाडीचे पाठवले, परत करायचा खर्च माझा.

आज जोतिबाची चैत्र यात्रा. मामांचं दुकान बंद. पहाटेपासून डोंगराकडं जाणाऱ्या गाड्यांतनं चांगभलं ऐकू येतंय. मी शेडमध्ये बसून वॉल्व घासले. काठीला रबरी कप, त्याला वॉल्व चिकटवायचा, सीटला पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत काठी धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. आठ वॉल्व, प्रत्येकाला वीस मिनिटं. सीटवर करडा, सलग पट्टा उमटेपर्यंत. शेवटी हेड उलटं करून खोलगट भागात रॉकेल ओतलं आणि चहा घेऊन आलो. एकाही वॉल्वमधनं थेंब गळला नव्हता. ह्या सगळ्या कामात निव्वळ माझं म्हणावं असं हे एवढंच आहे, असं आज वाटलं.

१८ मे, रविवार

पिस्टन गेल्या आठवड्यात आले. मामांनी चारही मोजले, चारही एकमेकांपासून जराजरा वेगळे. प्रत्येकावर खडूनं नंबर घातला आणि ज्याचा त्याला बोअर केला. डब्यावर सगळ्यांच्या ६८.

ब्लॉक काल घरी आला. होनिंगच्या, म्हणजे बारीक दगड फिरवून घासल्याच्या, तिरप्या रेघा आत चमकतायत. बोट फिरवलं की बोटाला कळतं, डोळ्याला नाही.

२५ मे, रविवार

मूर्खपणा लिहून ठेवतो.

होनिंगनंतर बोअर गरम पाणी आणि साबणानं धुवायचा असतो, नाहीतर दगडाची भुकटी रेघांत राहते आणि नव्या रिंगा खाते. हे मला माहीत होतं. धुतला. पांढऱ्या फडक्यानं पुसत राहिलो, फडकं पांढरं निघेपर्यंत. छान काम झालं म्हणून हात धुतले आणि जेवायला गेलो.

यंदा पाऊस मेमध्येच कोसळतोय. शेडमध्ये हवा ओली, पत्र्यातनं ठिबकतंय. तासाभरानं येऊन बघतो तर चारही बोअर तांबूस. सहा वर्षांपूर्वी पुरानं जे केलं, ते मी पिठलं-भाकरीच्या वेळात केलं. पुसल्यावर लगेच तेलाचा हात फिरवायचा होता, बस. मामांनी ब्लॉक देताना हे बजावलंही होतं.

ही म्हणाली, "एवढंसं तर आहे." पोरगा म्हणाला, "काका, सॅन्ड पेपर मारू?" त्याच्या हातातला पेपर मी काढून घेतला.

२७ मे

मामा काही बोलले नाहीत. होनिंगचे दगड पुन्हा एकदा फिरवले, तेल चोपडलं, आणि ब्लॉक गोणपाटात गुंडाळून स्वतः टेम्पोत ठेवला. पैसे घेतले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

८ जून, रविवार

बांधायला घेतलं. क्रँक बसला, हातानं फिरतोय. मग रिंगा. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून सरळ खाली सरकवायची आणि टोकांमधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्या, घालून बघायचं. ह्या मापाच्या बोअरला साधारण दहा थाउ फट हवी. फटच नसली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअरमध्येच मोडते. बाराही रिंगा मोजल्या. दोघींत फट कमी होती, कानशीनं घासली. पोरानं एक घासताना मोडली. त्याचा चेहरा बघून मला माझा २५ मे आठवला, आणि मी काही बोललो नाही. जादा सेट होता म्हणून भागलं.

पिस्टनचा दांडा क्रँकला जिथं धरतो त्या बिग एंडच्या कॅपवर पूर्वीच्या कुठल्या तरी मिस्त्रीनं पंच मारून ठिपके केलेत. एक, दोन, तीन, चार. ठिपक्याला ठिपका लावून बसवल्या.

१५ जून, रविवार

प्लग काढून स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग घातले, पेट्रोल आलं, चोक ओढला, चावी.

कार्बोरेटरमधनं तोफ उडाली. ही बाहेर आली. समोरच्या घरातले बाहेर आले. पुन्हा चावी, पुन्हा तोफ.

अर्धा तास कार्बोरेटरला बोल लावला. मग उजाडलं: एक नंबरचा पिस्टन वर दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा धूर टाकून झाल्यावर. मी डेल्को दुसऱ्या वेळेला बसवला होता. अर्धा फेरा चुकला. पोरानं प्लगच्या भोकावर अंगठा धरला, मी पान्यानं क्रँक फिरवला, हवेनं अंगठा ढकलल्यावर तो ओरडला, "आला!" डेल्को काढून फिरवून बसवला.

तिसऱ्या चावीला चालू झाली. मी लगेच बंद केली, भीतीनं. मग परत चालू केली.

१८ जून, बुधवार

पासिंग केव्हाच संपलंय, त्यामुळं गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही. त्याचं पुढं बघू. मामांना फोन केला, की गाडी चालू झालीय. मला वाटलं 'बरं झालं' म्हणतील. संध्याकाळी पावसातनं स्कूटरवर आलेच.

रेनकोट न काढता बॉनेटशी उभे राहिले. मी काय काय केलं ते सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. ऐकत होते. एक लांब पेचकस मागितला, त्याचं टोक वॉल्व कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली. डावीकडनं उजवीकडं सरकवत गेले. हिनं चहा आणला होता, तो निवला.

"बोअरला आवाज न्हाई," म्हणाले. म्हणजे स्वतःचं काम तपासायला आले होते. मग, "मागनं दुसरा टॅपेट ढिला हाय. येवढा काढा." चहा एका घोटात संपवला आणि गेले.

रात्री इंजिन निवल्यावर कव्हर उघडलं, आठही टॅपेटच्या, म्हणजे वॉल्ववरच्या, फटीला फिलर गेज लावलं. मागनं दुसरा बरोबर होता. तिसरा ढिला निघाला. घट्ट केला. मामांना हे सांगायचं की नाही, अजून ठरलेलं नाही.