कौलांतली फट

आजोळच्या कौलारू घराचे एक रेखाचित्र मी शाईच्या पेनाने काढले आणि स्कॅन करून संगणकावर घेतले. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केला की रुंदीला सुमारे २४८० आणि उंचीला ३५०८ ठिपके भरतात. एवढ्या ऐसपैस जागेतले एक बैठे घर रंगवणे हे एका संध्याकाळचे काम, असा माझा समज होता. छपराच्या पहिल्याच कौलात मी गिंप या चित्रे रंगवण्याच्या सॉफ्टवेअरमधली रंगाची बादली ओतली आणि क्षणार्धात छप्पर, अंगण, माड आणि आभाळ सगळेच विटकरी होऊन बसले.

रेषेत कुठेतरी फट होती. कागदावर ती दिसली नव्हती, कारण डोळा समजूतदार असतो. रेषेची दोन टोके जवळ आली की मधले अंतर तो परस्पर भरून काढतो. बादलीच्या ठायी असा समंजसपणा नाही. जिथे क्लिक केले त्या ठिपक्याशी जुळणारा शेजारी, मग त्या शेजाऱ्याचा शेजारी, अशी ती पसरत जाते आणि एका ठिपक्याएवढी वाट मिळाली तरी बांध फुटलेल्या पाण्यासारखी बाहेर पडते. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना मामा माळ्यावरच्या अंधारात उभे राहून कवडसे शोधत, कारण जिथून ऊन आत येते तिथूनच पुढे पाणी येणार. मीही चित्र चारशे टक्के मोठे करून रेषेवरून तसाच फिरलो. एकूण सतरा फटी निघाल्या, आणि माझा हात सफाईदार आहे हा माझा जुना गैरसमज त्यांतूनच गळून गेला.

फटी बुजवल्यावरही प्रत्येक कौलाभोवती पांढरी कड राहू लागली. शाईची रेष आपल्याला काळी वाटते, पण स्कॅनमध्ये तिच्या दोन्ही काठांना करड्या ठिपक्यांची झालर असते आणि बादली त्या झालरीपाशी येऊन थबकते. यावरचा रूढ उपाय असा, की रेषांचा लेयर, म्हणजे पारदर्शक कागदासारखा वेगळा थर, सर्वांत वर ठेवून त्याला ‘मल्टिप्लाय’ मोड द्यायचा आणि रंग खालच्या लेयरवर भरायचे. या मोडमध्ये वरच्या आणि खालच्या ठिपक्यांच्या किमतींचा अक्षरशः गुणाकार होतो: पांढरा म्हणजे एक, म्हणून खालचा रंग जसाच्या तसा दिसतो; काळा म्हणजे शून्य, म्हणून रेष काळीच राहते; आणि करडी झालर खालच्या रंगाला केवळ गडद करते. मग रंग रेषेखाली थोडा सरकला तरी बिघडत नाही. शाळेत ज्या गुणाकाराने मला रडवले, तो इतक्या उशिरा असा कामी यावा, याची गंमत वाटली.

गिंपच्या एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या २.१०.१० या आवृत्तीत बादलीला रेषाचित्र ओळखण्याची सोय मिळाली. रेषांची मोकळी टोके हेरून ती जोडण्याचा आणि रंग रेषेच्या पोटात थोडा शिरवण्याचा प्रयत्न ती स्वतःच करते. ही सोय मला कळली ती सतरा फटी हाताने बुजवून झाल्यावर, हे ओघाने आलेच. मोठ्या उत्साहाने मी ती ओसरीवर वापरून पाहिली, तेव्हा उंबरठ्याशी अंगणातले ऊन आत यावे म्हणून मुद्दाम मोकळी सोडलेली जागाही तिने इमानेइतबारे बंद करून टाकली. मी ती सोय काढून टाकली आणि पुन्हा साध्या बादलीकडे वळलो.

खरा वेळ खाल्ला तो कौलांच्या रंगाने. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, म्हणजे १,६७,७७,२१६ रंग हाताशी असूनही सगळ्या कौलांना एकच विटकरी छटा दिली, तेव्हा घर छापील जाहिरातीतल्यासारखे दिसू लागले. खऱ्या छपरावर नव्या कौलाशेजारी शेवाळलेले असते, चुलीच्या बाजूचे काळवंडलेले असते, आणि माडाचे झाप पडून फुटलेल्याच्या जागी दुसऱ्याच घाण्याचे कौल येऊन बसलेले असते. म्हणून तीनचार छटा आलटूनपालटून, एकेक कौल करत भरल्या आणि त्यात चार संध्याकाळी गेल्या.

चित्र पाहून धाकटी बहीण म्हणाली, “दादा, स्वयंपाकघरावरचं एक कौल भरायचं राहिलंय.” ते राहिलेले नव्हते. तिथे काचेचे कौल होते.