फोन हिसकावला की पोर अंगावर का येतं?

"बाई, गेम खेळून खेळून याचं डोकं बिघडलंय काय? फोन काढून घेतला की अंगावर धावून येतंय की ओ." बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. मेंदूचा धडा माझ्याकडे असतो, म्हणून पालकसभा संपली की हा प्रश्नही माझ्याकडेच येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा २०१९ ची बातमी असते. बेळगावजवळ एका तरुणाने वडिलांचा जीव घेतला आणि मथळ्यांत पबजी, म्हणजे मोबाईलवरचा बंदुकांचा गेम, होतं. एका घरात घडलेल्या भयंकर गोष्टीवरून तालुक्यातल्या सगळ्या पोरांचं निदान करू नका, एवढंच मी त्यावर म्हणते.

गेममधली बंदूक बघून पोर मारकुटं होतं, हे बोलायला सोपं आहे, सिद्ध करायला नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटनमधल्या हजारभर किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेम किती हिंसक ते त्याच्या अधिकृत वर्गवारीवरून ठरवलं आणि मुलाच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं. दोन्हींत संबंध सापडला नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत थोडाफार दिसतो आणि त्यावरून तज्ज्ञांची भांडणं अजून चालू आहेत. चालू देत. मी पालकांना उलटा प्रश्न करते: राग येतो कधी?

खेळ रंगात असताना पोर गप्पच असतं. हाक मारली तरी "हं" म्हणतं. उसळतं ते खेळ मध्येच तुटला की.

याचं उत्तर माकडांवरच्या प्रयोगात आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन (बक्षिसाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) सोडणाऱ्या पेशींची नोंद घेत होते. आधी इशारा, मग फळाचा रस, असा क्रम. सुरुवातीला रस मिळाला की या पेशी जोरात चालत. क्रम कळल्यावर नुसत्या इशाऱ्यालाच चालू लागल्या. आणि इशारा देऊन रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळी त्या नेहमीपेक्षाही मंदावल्या. म्हणजे मिळणार म्हणून धरून चाललेलं हुकलं, याचा हिशेब मेंदू वेगळा ठेवतो. खेळतानाही डोपामिन वाढतं, हे लंडनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावून दाखवलं. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसेल, तर सवय आणखी चिवट होते.

पण रागाबद्दल मला जास्त पटतो तो १९६६ चा कबुतरांवरचा प्रयोग. बटणावर चोच मारली की दाणे, असं कबुतराला शिकवलं आणि मग दाणे बंद केले. ते चिडून शेजारच्या कबुतरावर तुटून पडलं. शेजारच्याने काही केलं नव्हतं, ते फक्त जवळ होतं. घरात जवळ कोण असतं? आई.

नववीतल्या एका मुलाला मी एकटं बसवून विचारलं, आईवर हात का उगारलास? बराच वेळ नखं खात बसला. मग म्हणाला, "बाई, चौघांचा स्क्वाड होता. शेवटच्या सर्कलात होतो. मम्मीनं फोन ओढला. ते तिघं मेले ते मेले, वर ग्रुपवर आईबहिणीवरून शिव्या दिल्या मला." शेवटचं सर्कल म्हणजे मॅच संपत आलेली. अर्धा तास चालणारी मॅच, घसरणारी रँक आणि उद्या वर्गात तोंड दाखवायचंय त्या तीन मित्रांसमोर गेलेली अब्रू! आईला दिसला तो फक्त फोन. हात उगारणं चूकच, ते त्यालाही सांगितलं. पण हे ऐकल्याशिवाय पुढचं बोलणं फुकट.

त्यात वय. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो आपल्याला ब्रेक लावतो, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. त्यात झोप नाही. २००७ च्या एका अभ्यासात रात्रभर जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तर भीती-संतापाशी जोडलेला अमिग्डाला हा भाग झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटला आणि ब्रेकवाल्या भागाशी त्याचा संपर्क कमी झाला. म्हणून मी आधी झोपेचं विचारते, गेमचं नंतर. रात्री साडेअकराला, मॅचच्या मध्यात फोन हिसकावणं ही भांडणाची सगळ्यात वाईट वेळ. मॅच सुरू व्हायच्या आधी "ही शेवटची" असं ठरवा, ती संपू द्या, मग फोन घ्या. आणि तो आईबापाच्याच खोलीत चार्जिंगला राहू दे, पोराच्या उशाखाली नको.

बाप हे ऐकताना मान डोलावतात. त्यातले दोघेतिघे डोलावता डोलावता स्वतः रील्स बघत असतात, ते सोडा.

याला व्यसन कधी म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालतं. मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर खेळणारं पोर यात बसत नाही. एमआरआयमध्ये अशा मुलांच्या मेंदूत फरक दिसतात खरे, पण ते खेळून झाले की आधीच होते म्हणून पोर खेळाकडे वळलं, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. कधी मागे नैराश्य असतं, कधी चंचलतेचा आजार, कधी घरातलाच मार.

शाळा सुटली, झोप उडाली, मारहाण होऊ लागली, तर थांबू नका. बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेत यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे, पण ते लांब. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ. धारवाडचं नाव काढलं की लोक दचकतात, "पोर वेडं आहे काय?" म्हणतात. नाही ओ. आधी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. धारवाडला जाताना कानडी चांगलं येणारा कुणी नातेवाईक सोबत घ्या, मात्र डॉक्टर पोराशी बोलतील तेव्हा त्या नातेवाईकाला बाहेर बसवा. काकासमोर कुठलं पोर खरं बोलणार?