सैनिकाची अंगठी कशावरून?

रोमन सैनिकाची अंगठी ओळखायची कशी, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जुन्या नाण्यांवर, मोहरांवर मी अधूनमधून बोलतो. बोलणं संपलं की कुणीतरी हमखास मोबाइल पुढे करतं. त्यात गरुड कोरलेली अंगठी, खाली 'रोमन सैनिकाची' असं लिहून किंमत टाकलेली. "ही खरंच सैनिकाची असेल का हो?"

अंगठी रोमन असेलही. पण सैनिकाची आहे हे नुसत्या गरुडावरून ठरत नाही. रोमन लष्कर तलवार-चिलखतासोबत अंगठी वाटत नव्हतं. ज्याची जशी ऐपत, तशी त्याने घ्यायची. साध्या शिपायाच्या बोटात लोखंडाची नाहीतर काशाची अंगठी, तीत नखाएवढा कोरीव खडा, तोही परवडला नाही तर रंगीत काच. खड्यावर युद्धदेव मार्स, देवी मिनर्व्हा, विजयदेवता किंवा ध्वजांमधला गरुड. पत्र बंद करताना मेणावर ठसा उमटवायचा तो याच खड्याने.

सोन्याची गोष्ट वेगळी. सोन्याची अंगठी हा वरच्या वर्गाचा मान होता, सिनेटरांचा आणि एक्विटीज म्हणवणाऱ्या धनिकांचा. इ.स.पू. 216 मध्ये कॅनेच्या लढाईत रोमनांना हरवल्यावर कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचा भाऊ मागो याने कार्थेजच्या सभेपुढे मेलेल्या रोमनांच्या सोन्याच्या अंगठ्यांचा ढीग ओतला. काहींच्या मते ती साडेतीन मापं भरली. रोमन इतिहासकार लिव्ही मात्र म्हणतो, एक मापच असावं. माप साधारण पावणेनऊ लिटरचं, म्हणजे एक धरलं तरी पुष्कळ झालं.

मला सगळ्यात आवडतो तो रोमन चरित्रकार सुएटोनियसने सांगितलेला सीझरचा किस्सा. इ.स.पू. 49. रुबिकॉन नदी ओलांडून सीझर सैनिकांपुढे बोलतोय. डाव्या हाताचं बोट पुन्हा पुन्हा दाखवत तो म्हणतो, माझ्या मानासाठी लढणाऱ्यांचं देणं फेडायला ही अंगठीसुद्धा काढून देईन. कडेला उभे असलेल्यांना दिसत होतं, नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी अर्थ लावला की प्रत्येकाला अंगठीचा मान आणि त्यासोबत लागणारी 4,00,000 सेस्टर्सची (सेस्टर्स म्हणजे रोमन नाणं) मालमत्ता मिळणार! ऑगस्टसच्या काळात शिपायाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्स होता. त्या हिशेबाने ही चारशेहून जास्त वर्षांची कमाई. अफवा पसरायला आणखी काय लागतं?

साध्या सैनिकाला सोन्याची अंगठी घालायची मुभा मिळाली ती पार इ.स. 197 च्या सुमारास, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसकडून. बायकोबरोबर राहायची परवानगी आणि पगारवाढही त्याच हप्त्यात. सैन्याच्या जोरावर गादीवर आलेला माणूस, तो सैन्याला खूश ठेवणारच.

मग सैनिकाची अंगठी ओळखायची कशी? सापडली कुठे, यावरून. वेल्समधल्या कार्लियन इथे दुसऱ्या ऑगस्टा लिजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीचा, तळ होता. तिथल्या स्नानगृहाच्या गटारात 88 कोरीव खडे मिळाले. गरम वाफेने डिंक सैल व्हायचा आणि खडा निसटून पाण्याबरोबर वाहून जायचा. तरी सावध राहावं लागतं, कारण त्याच गटारात लहान मुलांचे दुधाचे दातही सापडलेत. म्हणजे तिथे फक्त शिपाईच अंघोळीला येत होते असं नाही.

खड्यांवरून आठवलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आपल्या पैठणहून ओनिक्स हा पट्ट्यापट्ट्यांचा दगड गाड्यांतून भडोचला जातो, असा उल्लेख आहे. तिथून माल जहाजाने रोमन साम्राज्याकडे जाई. एखाद्या शिपायाच्या बोटात पैठणचा दगड होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण कल्पना करायला कुणाची हरकत?

तेव्हा विकणाऱ्याला आधी एवढंच विचारा: कुठे सापडली, आणि त्याचा कागद आहे का? आणि लिजनचा आकडा ठसठशीत कोरलेली चकचकीत अंगठी असेल, तर ती नकली समजून मी किंमतसुद्धा विचारत नाही.