टाके कुठे आहेत?

दुपारी ताईचा फोन आला. "टाके पोटावर नेमके कुठे आहेत गं?" असे तिने विचारले आणि मी क्षणभरही न अडखळता सांगितले, "दुर्बिणीतून केलं ना, दिसण्यासारखे नाहीतच." यातले अर्धे खरे आहे. तपासणी दुर्बिणीतून झाली होती, शस्त्रक्रिया नाही. टाके दिसत नाहीत हे मात्र पूर्ण खरे, कारण ते योनीच्या पुढच्या भिंतीत आहेत आणि आपोआप विरघळणारे आहेत.

हे वाक्य येथे किती सहज लिहून झाले! सकाळी तर मी याहून सहज सही करून आले. माझ्या मूत्रमार्गातल्या गाठीची छायाचित्रे, एमआरआयच्या प्रतिमा आणि काचपट्टीवरचे तिचे रूप वैद्यकीय नियतकालिकात छापण्यास माझी हरकत नाही, अशा अर्थाचा तो कागद होता. चेहरा दिसणार नाही ना, एवढेच मी विचारले. त्यावर डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "चेहऱ्याचा फोटो आम्ही काढलाच नव्हता."

म्हणजे जगातल्या कोणत्याही अनोळखी डॉक्टरने ते छायाचित्र मोठे करून पाहावे, याला माझी ना नाही. आणि जिने मला लहानपणी न्हाऊ घातले, तिला मात्र मी पोटाचे ऑपरेशन सांगते. संध्याकाळपासून हेच टोचते आहे.

लाज म्हणावी, तर दोन वर्षांत तिच्यासाठी जागा उरली कुठे होती? लघवीला जळजळ होत असे, धार तिरकी जात असे, मध्येच थांबत असे. कल्चरसाठी बाटल्या भरभरून दिल्या. कधी जंतू सापडले, कधी नाही, गोळ्या मात्र दरवेळी मिळाल्या. मग एकदा आंघोळीच्या वेळी बोटांना अंगठ्याच्या पेराएवढे काहीतरी घट्ट लागले. पहिल्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिले आणि कॅरंकल असल्याचे सांगून इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम लिहून दिले. कॅरंकल हा मूत्रमार्गाच्या तोंडाशी, बहुधा खालच्या कडेला उगवणारा लालसर, मऊ कोंब असतो आणि तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत आढळतो. माझी पाळी ठणठणीत चालू होती आणि गाठ रबरासारखी टणक होती. त्यांनी एकदा बोट लावून पाहिले असते तरी निदान शंका आली असती. मी तीन महिने इमानाने मलम लावले. पुढे कळले, की माझ्यासारखी गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जात असावी असे मानतात; गरोदरपणी ती वाढल्याची आणि बाळंतपणानंतर आकसल्याची उदाहरणे आहेत. मलमातली मात्रा नगण्य असते, त्याने काही बिघडले नाही, असे या आताच्या डॉक्टर म्हणाल्या. तरीही त्या तीन महिन्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग स्वतःचा येतो, कारण "नीट तपासा" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

या डॉक्टरांनी आधी बोटांनी चाचपले. दाबल्यावर मूत्रमार्गातून पू किंवा लघवी आली असती, तर ती मूत्रमार्गाच्या भिंतीला आलेली पिशवी, म्हणजे डायव्हर्टिक्युलम, असण्याची शक्यता होती. काहीच आले नाही. एमआरआयमध्येही आत द्रव नव्हता. भरीव, रेखीव कडांची, सुमारे पावणेतीन सेंटीमीटरची गाठ होती. स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटीमीटरचा असतो. एवढ्याशा गल्लीत एवढा दगड बसला होता आणि मी दोन वर्षे गोळ्यांनी तो झाडू पाहत होते. दुर्बिणीतून आतले अस्तर शाबूत दिसले, मूत्राशय स्वच्छ दिसले. तरीही गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्रीने काही सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मूत्रमार्गाचा कर्करोगही दुर्मीळच, पण दुर्मीळ या शब्दाचा आधार मला तोवर वाटेनासा झाला होता. त्या काळातल्या रात्रींविषयी आज नको.

शस्त्रक्रिया योनीमार्गे झाली. गाठ कवचातून सुटल्यासारखी अलगद निघाली म्हणे. मूत्रमार्गाला भोक पडणे, तो पुढे अरुंद होणे, लघवीवरचा ताबा जाणे असे सगळे धोके आधी सांगून झाले होते. यातले काहीच झाले नाही. आठवडाभर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, होता. त्या आठवड्यात ताई दोनदा भेटायला येऊन गेली आणि दोन्ही वेळा मी ती लघवीची पिशवी चादरीखाली ढकलली.

अहवालात लायोमायोमा आहे: गुळगुळीत स्नायूंची सौम्य गाठ. एकमेकींत गुंफलेल्या लांबट पेशींचे जुडगे, पेशीविभाजनाच्या खुणा नाहीत, मृत भाग नाही, स्नायूपेशींची खूण असलेले डेस्मिन हे प्रथिन पॉझिटिव्ह. गर्भाशयात हीच गाठ झाली की तिला फायब्रॉइड म्हणतात आणि तिच्याविषयी बायका आरामात गप्पा मारतात. माझी चार बोटे खाली झाली, एवढाच काय तो फरक. स्नायू तोच, पेशी त्याच, फक्त पत्ता वाईट.

डॉक्टरांनी सही घेताना सांगितले, की अशा गाठींविषयी जे ठाऊक आहे ते बहुतेक एकेका रुग्णाच्या नोंदीतूनच जमत आले आहे. पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण फार कमी, हेही त्या नोंदींवरूनच कळते. स्त्रीच्या मूत्रमार्गातील लायोमायोमाची पहिली नोंद ब्यूटनर यांनी 1894 साली केली. ती बाई कोण होती, तिला कोणी विचारले होते का, आणि तिने घरी काय सांगितले होते, हे मी बाहेर रिक्षाची वाट पाहताना मनात घोळवत बसले. तिनेही पोटच सांगितले असेल, असे मला उगाचच वाटले आणि जरा बरे वाटले.

आता लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली आणि हसू फुटले. पहिल्या फोनवर मी ताईला "पोट" सांगितले होते. मागच्या आठवड्यात "ओटीपोट" म्हटले. आज फोन ठेवता ठेवता तिने विचारले, "म्हणजे गर्भपिशवीचीच गाठ ना?" तेव्हा मी म्हटले, "पिशवीची नाही, तिच्या शेजारची." ताई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं. शनिवारी येते."

शनिवारपर्यंत आणखी दोन-तीन सेंटीमीटर खाली उतरायचे आहे.