एक दिवसाआड

गेल्या सोमवारी आमच्या बेळगावातल्या ज्येष्ठांच्या केंद्राच्या हजेरीपटातलं एक नाव मी लाल रेघ मारून कमी केलं. दोन महिने सलग हजेरी कमी भरली की नाव काढायचं, असा आमच्याकडे नियम आहे. बाहेर वाट बघणारे बरेच असतात.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरली शिनोळीला दिलेली, धाकटी बाचीला. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की उचगाव फाटा, पुढं बाची, आणि बाची संपली की शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. मध्ये नुसती शेतं. थोरली चालत बाचीला यायची, तिथून दोघी एकाच बसनं.

थोरलीची फुलवात बघावी. कापूस तळहातावर पातळ पसरायचा, मधोमध चिमटीत धरायचा, बोटाला किंचित राख लावून वर पीळ द्यायचा. खालचं बूड गोल आणि सपाट बसलं पाहिजे, नाहीतर वात निरांजनात कलंडते. पाकिटातल्या वाती हमखास कलंडतात. हिची कधीच नाही. आमच्या केंद्रातल्या वाती देवळात मागून नेतात त्या हिच्यामुळं.

हजेरीत मात्र एक खूण, एक रिकामा चौकोन, एक खूण. रिकाम्या चौकोनात मी 'तब्येत' लिहीत गेले. बीपीच्या वहीत तिचा आकडा धाकटीपेक्षा चांगला होता, ती वहीही मीच लिहिते, तरी विचारायचं सुचलं नाही.

रेघ मारली त्या दिवशी धाकटी एकटीच आली. मी नियम सांगितला तर म्हणाली, "पोरी, तब्येत कुठली? मला बशीत फुकट, तिला तिकीट पडतंय न्हवं. रोज कुठनं आणंल? म्हणून एक दिवसाआड येती ती."

11 जून 2023 पासून कर्नाटकच्या साध्या बसमधून बायकांना तिकीट नाही, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. थोरली 78 वर्षांची. महाराष्ट्राच्या एसटीत पंचाहत्तरीपुढं सगळं फुकट, पण हद्दीपर्यंतच. म्हणजे ही आजी शिनोळीहून थेट कोल्हापूरला फुकट जाईल, आणि जिथला बाजार आयुष्यभर केला त्या बेळगावला येताना पैसे मोजील. कंडक्टर तरी काय करणार, त्याला मशीनमध्ये हिशेब द्यावा लागतो.

मी ट्रस्टींना म्हटलं, चहाच्या खर्चातून हिचं तिकीट काढू. म्हणाले, "मग उद्या चंदगडची बसभर माणसं येतील." येऊ देत की! आमचे रिटायर्ड काका लोक आठवड्यातून दोनदा येतात, पेपर वाचतात, बिनसाखरेचा चहा पिऊन जातात. त्यांच्या नावावर रेघ मारायचं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मीही मारलेली नाही, हे आहेच.

परवा धाकटीला विचारलं, बहीण काय म्हणते? "काय म्हणंल? नाव काढलं म्हटल्यावर कापूस परत दे म्हणाली, हितं ठेवलेला." कपाटातून पिशवी काढली. अर्धा कापूस, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या एकशे आठ वाती, मोजून. कापूस दिला. वाती तिनं घेतल्या नाहीत, म्हणाली, त्या केंद्राच्या.

हजेरीपटात तळाला तिचं नाव मी परत लिहिलंय, पेन्सिलीनं. ट्रस्टींची सही शनिवारी असते.