सामानासाठी सपाट वाट

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावातून एखादा रुग्ण शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवायचा, म्हणजे चिठ्ठी लिहून दिली की काम झालं, असं वरच्या लोकांना वाटतं. चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव असतं, विभागाचं असतं, तारीख असते. मधलं रेल्वे स्टेशन कुठेच नसतं. मी आशा म्हणून काम करते. सोबत कोणी नसलं की रुग्णाबरोबर मीच जाते, आणि आजारापेक्षा स्टेशनानेच जास्त थकलेली माणसं मी दवाखान्याच्या दारात उभी केली आहेत.

कोणती गाडी धरायची यापेक्षा उतरायचं कुठे, हे मी आधी पाठ करून घेते. इतवारी आणि नागपूर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि आमच्याकडून जाणाऱ्या काही लोकल इतवारीलाच संपतात. सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचं असेल तर मुंबईकडे जाणारी गाडी वर्ध्याला सोडते, बल्लारशाकडे जाणारी सेवाग्राम स्टेशनावर. अमरावतीला निघालेला माणूस बडनेऱ्यालाच उतरतो आणि शहर तिथून 10 किलोमीटर राहतं. नागपूरचं पश्चिमेचं दार सीताबर्डीकडे उघडतं, पूर्वेचं संत्रा मार्केटकडे. मेयो या सरकारी दवाखान्यात जाणाऱ्याने पूर्वेनेच निघावं, नाहीतर ऑटोचे पैसे फुकट जातात. हे कोणत्याही पाटीवर एका जागी लिहिलेलं नाही. शिकलेल्या माणसालाही ते दोनदा चुकल्यावरच कळतं.

आता त्या दिवसाचं लिहिते. शहर कोणतं, स्टेशन कोणतं, दवाखाना कोणता, हे मुद्दाम लिहीत नाही. माझं भांडण एका स्टेशनाशी नाही.

पोरगा 14 वर्षांचा, सिकलसेलचा एसएस. म्हणजे आई आणि बाप दोघंही वाहक आणि दोघांकडून दोष आलेला. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असं दुखतं की मोठा माणूस जमिनीवर लोळेल. पाणी कमी पडलं, ऊन लागलं, दमणूक झाली, ताप आला की हे सुरू होतं. या पोराच्या उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच कमी झाला होता. हाड आतून झिजत चाललं होतं, म्हणून हाडांच्या विभागाची तारीख मिळाली होती. सपाट जागेवर तो लंगडत चालायचा. जिना मात्र त्याला होत नव्हता.

दिवस मे महिन्याचे. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. आई-बाप पहाटे अंधारातच जंगलात जात होते. हंगाम थोड्या दिवसांचा आणि त्यावर वर्षाची उधारी फिटते, म्हणून सोबत आजी आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचा हात. तिने गोंदियाच्या पुढची गाडी कधी पाहिली नव्हती.

तिकीट जनरलचं. इथे सवलतीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला रेल्वेत 50 टक्के सवलत आहे, पण ती शयनयानात आणि वातानुकूलित डब्यांत. आमची माणसं ज्या जनरल डब्यात बसतात त्यात नाही. त्यात शयनयानाचं भाडं कमीत कमी 200 किलोमीटरचं लागतं, आमचा प्रवास त्याहून कितीतरी कमी. एसटीत याच रुग्णाला पूर्ण मोफत नेतात. सवलत ठरवणारा माणूस कधी जनरल डब्यात बसला असता तर कागद वेगळा निघाला असता, हे मी कोणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

जनरल डब्यातलं पाणी ही आणखी एक गोष्ट. गाडीत पाणी मिळत नाही असं नाही. पण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि संडासाच्या दारापर्यंत माणसं बसलेली असतात. म्हणून लोक तहान मारतात. बायका तर घरूनच पाणी न पिता निघतात. इतरांचं डोकं दुखून भागतं, एसएसच्या पोराला तेच महागात पडतं. मी बाटलीत ओआरएस करून नेलं होतं. पोरगा दोन घोट घ्यायचा आणि झाकण लावायचा.

"पी न रे बापा."

"ताई, मंग जाऊ कुठून?"

त्याचं म्हणणं खरंच होतं. दारापाशी चार माणसं खाली बसलेली, त्यांच्यामध्ये पोती. मी उठून वाट करून दिली, एकदा त्याला नेऊनही आणलं. परत आला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा बसला होता. "पोरगा बिमार आहे" म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. दिव्यांगांच्या डब्यात बसवायचं तर कार्ड हवं. 2016 च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वात आला, पण पोराचं कार्ड अजून तपासणीच्या रांगेत आहे. आणि त्या डब्यात धडधाकट माणसंच पाय पसरून बसलेली मी पाहिली आहेत.

पुढचं समजायला एक गोष्ट माहीत हवी. जनरल डबे गाडीच्या दोन टोकांना असतात. म्हणजे सगळ्यात गरीब, सगळ्यात जास्त सामान असलेला, वाट माहीत नसलेला माणूस प्लॅटफॉर्मच्या टोकाला उतरतो. पूल, लिफ्ट, सरकता जिना, पाण्याचे नळ, पंखे, हे सगळं मधल्या भागात. आम्ही शेवटच्या डब्यातून उतरलो. पोराने पाय टेकला आणि माझा खांदा धरला. मांडीत आग पडली म्हणाला.

पुलापर्यंत आम्ही कसेबसे पोचलो. लिफ्टवर दुरुस्तीचा कागद. सरकता जिना फक्त वर नेणारा. पुलावरून पलीकडे उतरायला पायऱ्याच. आजी सरकत्या जिन्यासमोर थांबली आणि लुगड्याचा काठ धरून मागे सरली. "मले त हे नाही होत माय." तिला मी दोष देणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा पायाखालची पायरी हलताना पाहणाऱ्याला पुढे ढकलायला मागे गर्दी असते, हात द्यायला कोणी नसतं.

चाकाची खुर्ची मिळते, फुकट मिळते, हे मला माहीत होतं. बहुतेकांना माहीत नसतं. ती उपस्टेशन अधीक्षकांच्या ऑफिसात मागायची आणि ते ऑफिस एक नंबरवर, म्हणजे पूल ओलांडून. ज्याला पूल ओलांडता येत नाही त्याने पूल ओलांडून खुर्ची मागायची, अशी ही व्यवस्था. दोघांना मी बाकावर पंख्याखाली बसवलं, बाटली पोराच्या हातात दिली आणि गेले.

ऑफिसात खुर्ची नव्हती. दुसऱ्या गाडीच्या प्रवाशासाठी गेली होती. मूळ ओळखपत्र ठेवा, रजिस्टरमध्ये नाव लिहा, आली की देतो. मी आशाचं ओळखपत्र काढून दिलं. तिथला माणूस वाईट बोलला नाही, पण त्याने मान वर केली नाही. रुग्णाला काय होतंय हे एकदाही विचारलं नाही. मी दोनदा सांगितलं की पोराला सिकलसेल आहे, त्याचं दुखणं थांबत नसतं, वाढत जातं. तो म्हणाला, "थांबा." मग उद्घोषणा झाली. आमच्या प्लॅटफॉर्मवर येणारी एक गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येणार होती. सगळा लोंढा पुलावर चढला. मी खुर्चीचा नाद सोडून परत निघाले. त्या लोंढ्यातून पुलाच्या मध्यापर्यंत यायला मला केवढा वेळ लागला.

पुलावरून मी खाली बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

मग प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाला, जिथे आम्ही उतरलो होतो तिथे, मला पार्सलचा चारचाकी गाडा दिसला. गाडा उतारावरून खाली येऊन रुळांवरून पलीकडे चालला होता. त्यावर आंब्याच्या पेट्या, पेट्यांना टेकून माझा पोरगा, पाय लांब सोडलेला. मागून आजी, चपला हातात घेऊन. गाडा ओढणारा माणूस दर चार पावलांनी दोन्ही बाजूंना मान फिरवून रूळ पाहत होता. मी पुलावरून ओरडले, पण त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार?

तिकडे पोचले तेव्हा गाडा वर चढला होता आणि आरपीएफचा जवान समोर उभा होता. पोरगा आता रडत नव्हता, नुसता कण्हत होता, ओठ कोरडे पडलेले. आजीने सांगितलं, पोरगा बाकावर आडवा पडला, ओरडायला लागला, लोक बघत उभे राहिले. हा पार्सलवाला थांबला. म्हणाला, "आजी, वर नाही जाता येत त इकडून चाला." एवढंच. नाव विचारलं नाही, पैसे मागितले नाहीत.

जवानाने त्याला विचारलं, "किसके कहने से लाया?"

पार्सलवाला खाली मान घालून उभा. मी म्हटलं, "मी सांगितलं." मी सांगितलं नव्हतं. मी तिथे नव्हतेच. पण तिथे असते तर हेच सांगितलं असतं, म्हणून ते वाक्य मी आजही मागे घेत नाही.

रूळ ओलांडणं गुन्हा आहे. रेल्वे कायद्याचं कलम 147. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. रुळांवर गेलेल्या माणसांचं काय होतं ते आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलं आहे. जवानही निर्दय नव्हता. पोराकडे पाहून त्याने आम्हाला जाऊ दिलं, ऑटोही त्यानेच थांबवला. पण पार्सलवाल्याच्या दंडावरचा बिल्ला पाहून त्याने नंबर लिहून घेतला. त्याला लिहिताना मी पाहिलं.

पुढे दवाखान्यात सलाइन, दुखण्याचं इंजेक्शन, भरती. हाडांच्या डॉक्टरांची तारीख त्या गडबडीत गेली. केसपेपरची खिडकी बंद होऊन गेली होती. पोरगा काही दिवसांनी बरा होऊन घरी आला. खुबा होता तसाच आहे.

माझं ओळखपत्र त्या ऑफिसातच राहिलं होतं, म्हणून संध्याकाळी मी परत स्टेशनावर गेले. बाहेर लाल शर्टातले सहायक, म्हणजे हमाल, बसले होते. त्यांतल्या एका वयस्कर माणसाला मी विचारलं, लिफ्ट बंद असताना चाकाची खुर्ची पलीकडे नेता कशी? तो म्हणाला, त्याच वाटेने. प्लॅटफॉर्मच्या टोकाची ती वाट पार्सलच्या गाड्यांसाठीच असते, उतार असतो, रुळांच्या मध्ये भरणी करून सपाट केलेली असते. खुर्ची असेल, सोबत सहायक असेल, गाडी येत नसल्याची खात्री केली असेल, तर तिथूनच नेतात.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. आंब्याच्या पेटीला जिना चढावा लागत नाही. तिच्यासाठी सपाट वाट आधीपासून आहे आणि ती वाट जनरल डब्याच्या अगदी समोर संपते. पोरगा उतरला तिथून ती काही पावलांवर होती. आम्ही त्याला तिथून उचलून, लांब चालवत, बंद लिफ्टपर्यंत नेलं, कारण माणसांनी तिकडून जायचं असतं. शेवटी तो सामान म्हणूनच पलीकडे गेला. त्या वाटेवर दोन्ही टोकांना एक खुर्ची आणि शिट्टी वाजवणारा एक माणूस ठेवला, तर लिफ्टची दुरुस्ती वर्षभर चालली तरी म्हातारं माणूस अडणार नाही. याला काही मोठा पैसा लागत नाही. दिव्यांगांना सगळीकडे सहज जाता यावं म्हणून सुगम्य भारतची मोहीम 2015 पासून आहे. सिकलसेल 2047 पर्यंत संपवायची मोहीम 2023 च्या जुलैत सुरू झाली. त्यासाठी आम्ही घरोघर फिरून 40 वर्षांपर्यंतच्या प्रत्येकाच्या बोटातून रक्त काढलं. रक्त काढायला आम्ही दारात जातो, आणि ज्याचा अहवाल एसएस येतो त्याला पुढे कसं जायचं ते विचारायला कोणी नाही.

आम्हा आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू कायले जातेस सोबत? त्याचा मोबदला तर नाही." त्या मनाने चांगल्या आहेत, पण यादीत नसलेलं काम त्यांना दिसत नाही.

मी स्टेशनाच्या नावाने अर्ज दिला. त्यात पार्सलवाल्याबद्दल लिहिलं, की तो माझ्या सांगण्यावरून गेला, दंड करायचा तर मला करा. पोच मिळाली. पार्सलवाल्याचं काय झालं ते विचारायला पार्सल ऑफिसला गेले, तर कोणत्या बिल्ल्याचा माणूस म्हणून त्यांनी मलाच उलट विचारलं. नंबर मला दिसला नव्हता, जवानाकडे होता. आणि त्या दिवशी ड्युटीवर कोण होतं, ते मला सांगायला कोणी तयार नव्हतं.

पोराची हाडांच्या विभागाची नवी तारीख ऑगस्टात आहे. धान रोवण्याचे दिवस, पुन्हा आजीच येणार. शयनयानाचं तिकीट काढलं तर डबा मधे लागतो, लिफ्टजवळ, पण ती चालू असेल याची खात्री कोण देणार? आणि तिघांच्या भाड्याचा फरक कोण भरणार? मागच्या जनरलमध्ये बसलो तर ती वाट समोर असेल. मी आधी एकटी जाऊन खुर्ची आणि सहायक घेऊन टोकाला उभी राहू शकते, पण मग गाडीत त्या दोघांबरोबर कोण? पोराच्या बापाला म्हटलं आहे, एक दिवस रोवणं सोड आणि तू ये. तो म्हणाला, मालकाला विचारून सांगतो.