मुली पाणी का पीत नाहीत?

आज हडपसरकडच्या एका शाळेत पुस्तकं द्यायला गेले होते. दुपारची सुट्टी संपत आली तरी सातवीतल्या बऱ्याच मुलींच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच. विचारलं तर एक हळूच म्हणाली, "ताई, पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि तिथल्या दाराला कडी नाही."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. दिवसभर तहान मारायची, लघवी रोखून धरायची. मग डोकं दुखणार, मूत्रमार्गाचा संसर्ग होणार. पाळीच्या दिवसांत तर कितीतरी मुली घरीच राहतात. तास बुडतात, आणि वर आपण म्हणतो, हिचं अभ्यासात लक्ष नाही!

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी त्यात बंधनकारक आहे. बांधकामं झालीही आहेत, ते नाकारत नाही. पण नळाला पाणी नाही, साफसफाईला माणूस नाही, मग त्या खोलीला शेवटी कुलूपच लागतं. साबण तर कुणाच्या हिशेबातच नसतो. पोषण आहाराच्या खिचडीआधी साबणाने २० सेकंद हात धुतले तरी जुलाब कमी होतात, त्यापायी होणाऱ्या गैरहजेऱ्याही.

त्याच कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. आयांनो, पुढच्या बैठकीला नक्की जा. कडी, साबण, झाकणाची कचरापेटी, टाकीत पाणी, सगळं मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.